सणाची वही

शाळेच्या ऑफिसात हजेरीपटांच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात एक लांबट, कापडी पाठीची वही असते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'ए. एम. डी. जी.' आणि तळाला 'एल. डी. एस.' लिहिलेलं. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या शाळांमधून आलेली ही जुनी रीत आहे. माथ्यावरची अक्षरं म्हणजे 'देवाच्या अधिक गौरवासाठी', तळाची म्हणजे 'देवाची सदैव स्तुती', दोन्ही लॅटिन. या वहीत दहावीची मुलं सणात आपण केलेल्या कामाचं एकेक पान लिहितात आणि ते काम नववीतल्या ज्याच्याकडे जाणार, त्याला ते पान आपल्यासमोर वाचायला लावतात. काय केलं यापेक्षा काय बिघडलं हे लिहायचं, हा एकच नियम. शाळेचा सण दरवर्षी उभा राहतो तो या वहीवर. पुढे लिहिलेलं बरंचसं तिच्यातूनच आलं आहे, बाकीचं नऊ दिवस मुलांबरोबर उभं राहून कळलेलं.

शाळा वसईच्या पट्ट्यातली, फक्त मुलांची, पाचवी ते दहावी, मराठी माध्यमाची. आश्रयदाते संत फ्रान्सिस झेवियर, त्यामुळे सण ३ डिसेंबरला. झेवियर ६ मे १५४२ला गोव्यात उतरले आणि ३ डिसेंबर १५५२ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर वारले. मधल्या दहा वर्षांत ते वसईलाही येऊन गेले. गोव्यात ते हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणाला बोलावत. आमच्या सणाची सुरुवात हातातल्या घंटेने होते ती त्यामुळे. त्या घंटेकडे पुढे येतो.

आधी तारखेचा प्रश्न सोडवावा लागतो. नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते, २ डिसेंबरला संपते. पण तयारीला किती दिवस मिळणार हे दिवाळी ठरवते. दिवाळी ऑक्टोबरात आली तर सुट्टी संपून पुरता महिना हातात असतो. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, म्हणजे सण बरोबर तीन आठवड्यांवर, आणि त्यातले बरेच दिवस सुट्टीतच गेले. त्याच वर्षी ३ डिसेंबर रविवारी आला. ३ डिसेंबर रविवारी आला की तो आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार असतो आणि त्या रविवारच्या मिस्सेला, चर्चच्या मुख्य उपासनेला, दुसरी कुठलीच मिस्सा बाजूला सारत नाही. शाळेचा सण मग शनिवारी नाहीतर सोमवारी घ्यावा लागतो. म्हणून जूनमध्ये वेळापत्रक लावतानाच कॅलेंडरात हे दोन दिवस बघून ठेवायचे: लक्ष्मीपूजन आणि ३ डिसेंबरचा वार. हे राहिलं तर पुढचं सगळं घाईत होतं, आणि घाईत पहिली कात्री लागते ती वेदीसेवकांच्या, म्हणजे मिस्सेत फादरांना मदत करणाऱ्या मुलांच्या, सरावाला.

दुसरी अडचण शाळेच्या स्वरूपातच आहे. वसतिगृह नाही. शाळा सुटली की अर्ध्या तासात मैदान रिकामं. कोणी निर्मळला, कोणी भुईगावला, कोणी अर्नाळ्याला जाणारा, एक बस चुकली की घरी पोचायला अंधार. वसतिगृहाच्या शाळेत रात्रीच्या जेवणानंतर जे सहज बसवता येतं, ते आमच्याकडे मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत बसवावं लागतं. शाळा सुटल्यावरचा सराव कागदावर छान दिसतो. तिसऱ्या दिवशी निम्मी मुलं नसतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. म्हणून आम्ही सराव सकाळी शाळा भरण्याआधी पाऊण तास ठेवतो. लवकर येणं मुलांना जमतं, उशिरा थांबणं जमत नाही.

वेदीसेवक सात लागतात: क्रूस धरणारा एक, मेणबत्त्यांचे दोन, धूपदाणीचा एक, धुपाची डबी धरणारा एक, घंटेचा एक आणि फादरांसमोर पुस्तक धरणारा एक. वर दोन राखीव. राखीव घेतलेच पाहिजेत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सर्दी-खोकल्याने एक तरी मुलगा अंथरुणाला खिळतो. दोन्ही मेणबत्तीवाल्यांची उंची सारखी हवी. भिंतीला पाठ लावून उभं करायचं आणि पट्टी डोक्यावर आडवी धरून बघायचं; दोन बोटांपेक्षा जास्त फरक असेल तर जोडी बदलायची. जूनमध्ये सारखी असलेली जोडी नोव्हेंबरात सारखी राहत नाही. आठवी-नववीतला मुलगा पाच महिन्यांत कसा वाढतो, हे ज्याने शिकवलंय त्याला सांगायला नको. म्हणून निवड जूनमध्ये, मोजमाप पुन्हा नोव्हेंबरात. पुस्तकाचा मुलगा उलट बुटका बरा. पुस्तक त्याच्या कपाळाला टेकून उघडं राहतं आणि फादरांच्या नजरेच्या रेषेत येतं. उंच मुलाला हात खाली धरून उभं राहावं लागतं आणि पाच मिनिटांत पुस्तक थरथरायला लागतं.

पांढरे झगे कपाटात असतात, पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मापांचे. काठ घोट्याच्या दोन इंच वर राहिला पाहिजे. जमिनीला टेकणारा झगा दिसायला चांगला, पण वेदीची पायरी चढताना मुलगा स्वतःच्याच झग्यावर पाय देतो आणि हातात मेणबत्ती असते. लांब झगा कापायचा नाही, आतून धावदोरा घालून आखूड करायचा, पुढच्या वर्षी उसवता येतो. मेणाचा डाग पडला तर ओला असताना पुसू नये, तो पसरतो. थंड होऊ द्यायचा, नखाने किंवा बोथट सुरीने खरवडायचा, मग खाली-वर टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची. मेण कागदात उतरतं. कागद दोन-तीनदा बदलावा लागतो.

वहीतली सगळ्यात जास्त पानं धूपदाणीची आहेत, आणि ते बरोबरच आहे.

धूपदाणीत दोन गोष्टी असतात, निखारा आणि धूप, आणि दोन्हींची वेळ वेगळी. बाजारात चटकन पेटणाऱ्या कोळशाच्या चकत्या मिळतात. त्या सोयीच्या, पण पेटताना फटाक्याच्या दारूसारखा उग्र वास सोडतात आणि लहान मुलांना लगेच खोकला येतो. आमच्याकडे करवंट्यांना तोटा नाही. करवंटीचा कोळसा करून डब्यात भरून ठेवतो. मिस्सेच्या वीस मिनिटं आधी लहान शेगडीवर सुपारीपेक्षा थोडे मोठे सहा-सात तुकडे पेटवायचे. काळेपणा जाऊन वर राखेची पांढरी साय आली की निखारा तयार. काळा दिसणारा तुकडा आत जाऊ द्यायचा नाही, तो धुपाचा धूर नाही, कोळशाचा धूर देतो आणि डोळे चुरचुरतात. चिमट्याने चार तुकडे धूपदाणीत, दोन-तीन शेगडीतच राखून ठेवायचे. मिस्सा तासाभराची, आतला निखारा अर्ध्या वाटेवर बसतो, तेव्हा हे राखीव तुकडे कामी येतात.

भांड्याच्या तळाला निखाऱ्याखाली बोटभर जाडीचा कोरड्या वाळूचा थर द्यायचा. धूप वितळून चिकट राळ होते. ती तळाला बसली की तापून तडतडते आणि पुढच्या वेळी खरवडून निघत नाही. वाळू असेल तर राळ वाळूत मुरते, नंतर सगळं ओतून टाकलं की झालं. वाळू नदीची घ्यायची. किनाऱ्यावरची वाळू मुलं सहज आणतात, पण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. पितळ काळं पडतं आणि शिंपले तापून फुटतात.

धूप अर्धा चमचा, त्याहून जास्त नाही. उत्साहात मुलगा डबी उपडी करायला बघतो. खडे जास्त पडले की निखारा गुदमरतो, धूर येतो तो पहिले काही क्षण दाट आणि मग एकदम बंद. मिस्सेत धूप चार वेळा लागतो: प्रवेशाला, शुभवर्तमानाच्या वाचनाआधी, अर्पणाच्या वेळी, आणि भाकर व चषक उंचावताना. प्रत्येक वेळी नवा अर्धा चमचा. आधीच टाकून ठेवला तर शुभवर्तमानापर्यंत भांड्यात नुसती ऊब उरते.

साखळी धरायची रीत समोर उभं राहून दाखवावी लागते, सांगून येत नाही. वरची चकती डाव्या हातात, छातीशी. उजव्या हाताने साखळ्या भांड्याच्या एक वीत वर एकत्र पकडायच्या. हलतं ते मनगट, कोपर नाही. कोपरातून हलवलं की भांडं मोठा झोका घेतं आणि झाकण उसळतं. चालताना झोका पावलाबरोबर येऊ द्यायचा, मुद्दाम द्यायचा नाही. सराव पहिले चार दिवस रिकाम्या भांड्यावर, पाचव्या दिवशी आत दगडाचे चार खडे ठेवून, सातव्या दिवशी निखाऱ्यावर. खड्यांचा दिवस महत्त्वाचा: खडा खडखडला म्हणजे झोका वाकडा गेला, हे मुलाला कानाने कळतं.

भांडं खाली ठेवायची वेळ आली तर सतरंजीवर नाही, विटेवर. वीट आधीच जागेवर हवी. काम झाल्यावर साखळ्या सरळ राहतील असं खुंटीला टांगायचं. डब्यात गुंडाळून ठेवलं की पुढच्या वेळी अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो. आणि दम्याचा त्रास असलेली मुलं कोण हे वर्गशिक्षकांना आधी विचारून त्यांच्या जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायच्या.

वाऱ्याचं सांगायलाच हवं, कारण मिस्सा मैदानावर होते. हजारभर मुलं सभागृहात मावत नाहीत. डिसेंबरात सकाळी आमच्याकडे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे, दहाच्या सुमाराला पडतो आणि दुपारी खारा वारा सुरू होतो. वेदी मैदानाच्या पूर्वेला बांधली तर धूपाचा सगळा धूर, आणि मायक्रोफोनमधली वाऱ्याची फरफरही, मुलांच्या तोंडावर येते, शिवाय उगवतं ऊन त्यांच्या डोळ्यांत. वेदी पश्चिमेला घ्यायची. धूर मागे समुद्राकडे जातो, ऊन मुलांच्या पाठीवर पडतं. ऊन मग फादरांच्या तोंडावर येतं, म्हणून मंडपाचं पुढचं कापड दोन हात खाली उतरवायचं. एवढ्याशा बदलाने अर्धी कुरबुर संपते. वेदीवरच्या कापडाला चारी कोपऱ्यांना आतून चिमटे, मेणबत्त्यांना काचा. सतरंज्या सव्वासातच्या आधी घालू नयेत, मैदानावर दव असतं आणि पाचवीच्या मुलांच्या पांढऱ्या चड्ड्या ओल्या मातीने भरतात.

वेदीजवळ घंटा वाजवणाऱ्या मुलाचं काम सगळ्यात छोटं, पण चुकलं तर सगळ्या मैदानाला कळतं. फादर भाकरीवर आणि चषकावर हात पसरतात तेव्हा एकदा. भाकर उंचावली की तीनदा. चषक उंचावला की तीनदा. त्याला एकच सांगायचं: फादरांच्या तोंडाकडे बघू नकोस, हातांकडे बघ. शब्द ऐकून वाजवायला गेला तर स्पीकरचा आवाज आणि त्याचा हात यांत अंतर पडतं. हात वर गेले की पहिला टोला, हात थांबले की दुसरा, खाली यायला लागले की तिसरा. पहिला टोला फार जोरात देऊ नये, मागच्या रांगेतली लहान मुलं दचकून हसतात.

आमच्याकडे निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती नाहीत. कोळी, आगरी, भंडारी, मुसलमान, बाहेरून आलेल्या कामगारांची मुलं. सण सगळ्या शाळेचा असतो, मिस्सेला सगळे बसतात, आणि यात कोणाला अवघडल्यासारखं होऊ नये याची काळजी आधी घ्यावी लागते. नेहमीची चूक कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, रांगेत होते. पुढचा उठला म्हणून मागचा उठतो, त्यात काही वाईट हेतू नसतो, आणि मग रांगेच्या टोकाला फादरांना त्या मुलाला हळूच परत पाठवावं लागतं. मुलगा लाल होतो, घरी जाऊन काही बोलत नाही, पण पुढच्या वर्षी त्या दिवशी गैरहजर राहतो. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक वर्गात वर्गशिक्षक सांगतात: ज्यांचं प्रथम कम्युनियन झालं आहे ते हात जोडून येतील, बाकी ज्याला यावंसं वाटेल त्याने छातीवर हात फुलीसारखे ठेवून यायचं, फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील, ज्याला बसून राहायचं त्याने बसावं. तिन्ही वाटा सारख्याच मानाच्या आहेत, हे वर्गात स्पष्ट बोललंच पाहिजे. होस्ट, म्हणजे वाटायच्या भाकरीच्या चकत्या, किती लागतील याचा आकडाही याच दिवशी वर्गवार घ्यायचा, वर शिक्षक, माजी विद्यार्थी आणि पंचवीस जादा.

अर्पणाच्या मिरवणुकीत मात्र सगळे असतात. भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा झालेली मुलं नेतात. फुलं, फळं, भाताची लोंबी, केळ्यांचा फणा, एखादं जाळं, शाळेचं प्रगतिपुस्तक, हे बाकीची. कोळ्याच्या मुलाने घरचं जाळं आणलं तर ते आदल्या दिवशी धुऊन वाळवून आणायला सांगायचं. ओलं जाळं वेदीपुढे तासभर राहिलं तर धुपालाही भारी पडतं.

बायबलमधली वाचनं ठरलेली आहेत: करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायातून 'शुभवर्तमान सांगितलं नाही तर माझी केवढी दुर्दशा' या आशयाचा भाग, आणि मार्कच्या सोळाव्या अध्यायातला 'सर्व जगात जा' हा. पत्राचं वाचन दहावीचा मुलगा करतो. त्याला मायक्रोफोनपासून चार बोटं लांब उभं करायचं आणि मैदानाच्या शेवटच्या टोकाला एक मुलगा हात वर करून ठेवायचा. ऐकू आलं नाही की तो हात खाली घेतो. दोन दिवसांत वाचणारा आपोआप सावकाश होतो. गायनाचं थोडक्यात: आठवीपासून आवाज घोगरा व्हायला लागतो, आणि जूनमध्ये उंच पट्टीत गाणारा मुलगा डिसेंबरात त्याच पट्टीत फाटतो. मुख्य चाल पाचवी ते सातवीकडे द्यायची, मोठ्यांना दोन पट्ट्या खाली ध्रुवपद. ज्याचा आवाज ऐन फुटण्यात आहे त्याला गायनातून काढू नये, त्याला झांजा द्याव्यात. तो पुढच्या वर्षी खालच्या आवाजात परत येतो.

चक्कर येणारी मुलं दरवर्षी असतात. कारण जवळजवळ नेहमी एकच: कम्युनियनआधी उपास म्हणून मुलगा घरून काही न खाता निघतो, सहाला बस पकडतो, आणि साडेआठच्या उन्हात उभा राहतो. चर्चचा नियम १९६४ पासून फक्त एका तासाचा आहे, पाणी आणि औषध त्यातही चालतं. कम्युनियन पावणेनऊच्या पुढे, म्हणजे साडेसातपर्यंत पोळी-चहा खायला हरकत नाही. आजीच्या काळातला मध्यरात्रीपासूनचा उपास घरात अजून सांगितला जातो, म्हणून ही वेळ घड्याळासकट पालकांच्या चिठ्ठीत लिहून पाठवायची. दुसरं कारण गुडघे. ताठ उभं राहायचं म्हणजे गुडघे मागे आवळून उभं राहायचं असं मुलांना वाटतं, त्याने पायांतलं रक्त वर येत नाही. गुडघे सैल, दर गाण्याला पायाची बोटं आत-बाहेर हलवायची. मंडपाच्या उजव्या बाजूला एक सतरंजी आणि लिंबाचं सरबत तयार ठेवायचं, मीठ-साखरेचं, बर्फ न घातलेलं.

आता ती घंटा. सणाच्या दिवशी सकाळी साडेसातला वीज-घंटा बंद असते. शाळेतला वयाने सगळ्यात लहान मुलगा आणि दहावीतला सगळ्यात मोठा मुलगा, दोघं मिळून पितळी हातघंटा घेऊन प्रत्येक वर्गासमोरून जातात, लहानाच्या हातात घंटा, मोठ्याचा हात त्याच्या हाताखाली. घंटा सव्वा किलोच्या आसपास आहे, दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ती वीस वर्गांपुढून एकट्याने नेता येत नाही. ज्या वर्गासमोर घंटा येते तो वर्ग उठून तिच्यामागे चालायला लागतो, आणि शेवटच्या वर्गापाशी सगळी शाळा रांगेत असते. बोलावं लागत नाही. लहान मुलगा कोण हे जनरल रजिस्टरातल्या जन्मतारखेवरून काढायचं. मुलांना विचारून काढू नये, प्रत्येक वर्षी दोन-तीन दावेदार असतात.

घंटा आदल्या दिवशी चिंचेच्या कोळाने आणि राखेने घासायची, आत मात्र फक्त कोरडं फडकं. लोलक ज्या कडीला अडकवलेला असतो तिथे लोखंडी तार कधीच घालू नये. पितळ मऊ, तार कठीण. दोन-तीन वर्षांत कडी कापली जाते आणि लोलक मिरवणुकीच्या मध्येच सुटून पडतो. चामड्याची वादी घालायची, तिच्यावर थोडं खोबरेल. मुठीत वरपर्यंत आवळून धरली तर घंटा बोलत नाही, नुसती खडखडते. मूठ दांड्यावर, बोटं घंटेच्या खांद्याला लागू द्यायची नाहीत. लहान मुलाला हे शिकवायचं काम मोठ्याचं.

मिस्सेनंतर खेळ. मुलांचे चार संघ, म्हणजे घरं, संतांच्या नावांनी आहेत: लोयोला, झेवियर, ब्रिटो आणि गोन्सालो. गोन्सालो गार्सिया आमच्याच वसईचे. १५५७च्या सुमाराला इथे जन्मले, किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकले, आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मेले. भारतात जन्मलेल्यांपैकी संतपद मिळालेले ते पहिले, १८६२ साली. ज्या ठिकाणी ते शिकले तिथल्या भिंती किल्ल्यात अजून उभ्या आहेत, आणि पाचवीच्या मुलांना आम्ही ऑक्टोबरात तिथे नेऊन हे दाखवतो, म्हणजे डिसेंबरात गोन्सालोचा झेंडा धरताना तो कोण हे सांगावं लागत नाही. खेळांमध्ये सांगण्यासारखं एकच: चुन्याच्या रेषा आदल्या संध्याकाळी मारू नयेत, दवाने पसरतात. सकाळी मिस्सा चालू असताना शिपाईमामा मागच्या मैदानावर मारतात.

दहा वाजता प्रत्येकाला दोन फुगे आणि चहा. फुगे म्हणजे आमच्याकडचे गोल, तळलेले, आतून जाळीदार पावाचे गोळे, लग्नकार्यात होतात ते. घरी त्यात ताडी आणि अंडी पडतात. शाळेत दोन्ही नाही: ताडी मुलांच्या शाळेत आणायची नाही, आणि अंडं न खाणारी मुलं प्रत्येक वर्गात आहेत. दहा किलो मैद्यात मध्यम आकाराचे साधारण पाचशे होतात, म्हणजे हजार मुलांना चाळीस किलो. दर किलोला दहा ग्रॅम कोरडं यीस्ट, मूठभर साखर, चमचाभर मीठ, आणि नारळाचं दाट दूध व कोमट पाणी मिळून सहा-सातशे मिली. अंडं नाही म्हणून दूध दाटच हवं, नाहीतर फुगा कोरडा होतो. नारळाचं दूध संध्याकाळी काढून ठेवू नये, आंबतं आणि सगळं पीठ बिघडवतं. रात्री दहाला काढून अकराला मळायचं. ऑक्टोबरात तीन तासांत फुगणारं पीठ डिसेंबरच्या थंडीत पाच तास घेतं, म्हणून पातेली गोणपाटात गुंडाळून चुलीजवळच्या भिंतीला लावायची.

पहाटे चारला गावातल्या मावश्या येतात. पीठ डाव्या मुठीत घ्यायचं, मूठ आवळली की अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, तो उजव्या हाताच्या ओल्या बोटांनी तोडून तेलात सोडायचा. हात पाण्यात बुडवून निथळू द्यायचा. पाण्याचा थेंब तेलात गेला की अंगावर उडतं. तेल मध्यम. फार तापलं तर फुगा लगेच तपकिरी होतो आणि आत कच्चं पीठ राहतं, दिसायला सगळ्यात सुंदर तोच असतो. पहिला फुगा नेहमी फोडून बघायचा. चांगला फुगा एक बाजू भाजली की स्वतःच पलटी घेतो. न पलटणारा म्हणजे पीठ अजून आलेलं नाही, अर्धा तास थांबायचं.

संध्याकाळी आवराआवर करताना एक गोष्ट हमखास राहते. ३ डिसेंबर कायम आगमनकाळात येतो, चॅपलमधलं वेदीचं कापड त्या काळात जांभळं असतं, सणापुरतं पांढरं घातलेलं. ते पुन्हा जांभळं करायचं काम कोणाच्याच यादीत नसतं. सकाळी फादर आत जातात आणि सण कालचाच असतो. आता वहीत त्याचं वेगळं पान आहे, आणि ते पुस्तक धरणाऱ्या मुलाकडे आहे.

वही ४ डिसेंबरलाच लिहून घ्यायची. आठवड्याने लिहायला सांगितलं की 'सर्व व्यवस्थित पार पडले' एवढंच येतं. दुसऱ्या दिवशी मुलाला अजून आठवतं की तिसरा टोला उशिरा पडला, डावीकडची मेणबत्ती दोनदा विझली, वीट ठेवायची राहिली होती.

त्याच पानांच्या शेवटी नाताळच्या गोठ्याची, येशूजन्माच्या देखाव्याची, नोंद असते, कारण सणातली उरलेली नदीची वाळू आणि मंडपाचे बांबू तिथेच लागतात. गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी नाचणी १३ डिसेंबरला रात्रभर भिजत घालायची, १४ला इंचभर मातीच्या पसरट ताटांमध्ये दाट पेरून दोन दिवस गोणपाटाने झाकायची, मग सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फक्त शिडकावा. गहू लवकर वाढतो, पण दहाव्या दिवशी उंच होऊन आडवा पडतो आणि मेंढ्या त्यात दिसेनाशा होतात. नाचणी २४ तारखेला तीन बोटांवर, गवतासारखी बारीक उभी असते. ताटं खिडकीशी ठेवली तर रोज फिरवायची, नाहीतर सगळी हिरवळ एका बाजूला कलते. फिरवायचं काम पाचवीच्या त्या मुलाकडे असतं ज्याने सणाच्या सकाळी हातघंटा वाजवली.